तयार फोटो

५ मार्च, कळंब

आले एकदाची. यवतमाळहून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि शेजारच्या बाईने न मागता अर्धी काकडी दिली, म्हणजे सुरुवात वाईट नाही. बॅग खोलीवर टाकली, तोंड धुतलं आणि थेट नूर फोटो स्टुडिओ गाठला. उद्यापासून मी, अंजू आडे, तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. बोर्डावर नाव नाही, पण खुर्ची माझी आहे आणि ती गोल फिरते. बसून दोनदा फिरून घेतलं.

मालक सरदारभाई. पांढरी दाढी, मऊ आवाज, सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांचे फोटो त्यांच्याच हातचे. तो हात आता मात्र थरथरतो. माऊस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरतो. त्यांच्या कॉम्प्युटरची दशा बघून मला हसू आवरेना. ‘लग्न फायनल’, ‘लग्न फायनल नवीन’, ‘फायनल हेच’. कशाला कुलूप नाही, कशाची दुसरी प्रत नाही. एक बोट चुकलं की कुणाचं तरी अख्खं लग्न कचऱ्यात. मी म्हटलं, चाचा, हे सगळं मी सरळ करते. ते म्हणाले, कर बेटी, तुले पाह्यजे ते कर, पण त्या ‘तयार’ फोल्डरले हात नको लावजो, ते माझं मी पाहतो.

खोली बसंतीबाईंकडे आहे. भिंतीला कान लावून असतात बहुतेक, कारण रात्री जेवण वाढताना विचारलंच, की ही याडी कोण, जिच्याशी तू इतका वेळ बोलत होतीस. आई, दुसरं कोण असणार? आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. बाप मी लहान असतानाच गेला; मला आणि माझ्या भावाला, राजकुमारला, तिने एकटीने वाढवलं. आता तांडा इथून राळेगावच्या रस्त्याला, एसटीने तासाभराचा. याडी म्हणाली, तू जवळ आली, आता मले झोप लागते. फोन ठेवल्यावर मला उगाच रडू आलं. आनंदाचं होतं.

९ मार्च

‘तयार’ ही काय भानगड आहे ते आज समोरच्या हॉटेलवाल्या देवीलालने सांगितलं. हा माणूस चहा कमी आणि बातम्या जास्त विकतो. मला पहिल्या दिवसापासून मॅडम इंजिनेर म्हणतो.

तर इथे कुणी वारलं की घरचे लगेच स्टुडिओत येतात. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा धड फोटो कुठल्याच घरात नसतो. मग लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, मागे निळं आभाळ टाकायचं, खाली काळा कोट चिकटवायचा. बायकांना जांभळी साडी. कोट आणि साडी चाचांनी कधीकाळी एकदाच बनवून ठेवलेत, सगळ्यांना तेच. जन्मभर बंडी घातलेला माणूस मेल्यावर साहेब होतो. आता रडणारी माणसं डोक्याशी उभी असली की कापाकापी नीट होत नाही, म्हणून चाचांनी युक्ती काढली. लग्नाचे फोटो आले की त्यातली म्हातारी माणसं आधीच कापून, कोट चढवून ठेवायची. वेळ आली की फक्त प्रिंट. तोच हा ‘तयार’.

मी हसले, मग अंगावर काटा आला, मग पुन्हा हसले. धंदा आहे शेवटी. पण रोज सकाळी चाचा शटर अर्धंच उघडतात आणि त्या फोल्डरसमोर एकटे बसतात. तोवर मला देवीलालकडे चहा पीत थांबावं लागतं. काय करतात कोण जाणे, बाहेर येतात तेव्हा घामाने शर्ट ओला असतो.

१७ मार्च

चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेलेत, त्यांची बायको आयशाबीही सोबत गेली. जाताना पुन्हा तेच पालुपद, ‘तयार’ला हात नको. मी लावणारही नव्हते.

पण आज घोटाळा झालाच. भगवानराव गुरुजी पेन्शनच्या कामासाठी पासपोर्ट फोटो काढायला आले. मी गडबडीत भलताच फोल्डर उघडला आणि पडदाभर भगवानराव. काळा कोट, निळं आभाळ, नजर सरळ समोर. गुरुजी माझ्या खुर्चीमागेच उभे होते. आधी त्यांना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा असे ओरडले की देवीलाल चहाची गाळणी हातात घेऊन पळत आला. मी जिता आहो अजून, मले कोट काहून घातला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाणी दिलं, माफी मागितली. जाताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, पोरी, ते पुसून टाक.

मी हो म्हटलं. पण मालकाची फाईल त्यांना न विचारता कशी पुसणार? राहू दिली. आत फार फोटो नव्हतेच, जेमतेम चार-पाच. मला वाटलं होतं शेकड्याने असतील.

१८ मार्च

आज दिवसभर बसून सगळा बंदोबस्त केला. माझी पाठ मीच थोपटते, दुसरं कोण थोपटणार?

‘तयार’ लपवला आणि त्याला पासवर्ड घातला, म्हणजे पुन्हा कुणा गुरुजींना स्वतःचं मरण दिसायला नको. आतली फाईल फक्त बघता येईल. बदलता येणार नाही, हलवता येणार नाही, पुसता येणार नाही. नवीन फाईल टाकता येईल, पण एकदा टाकली की टाकली. लग्नांच्या सगळ्या फोल्डरांनाही तेच कुलूप. वर आपोआप प्रती निघतात: एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक इंटरनेटवर, एक माझ्या फोनवर. एका ठिकाणी काही गेलं तर बाकीच्यांतून परत येतं. चाचांच्या थरथरत्या बोटाने आता कुणाचं काही बिघडणार नाही.

२४ मार्च

चाचा काळा चष्मा लावून आले आणि आल्या आल्या ‘तयार’ कुठे गेला म्हणून विचारलं. मी सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. ते म्हणाले, उघडून दे. मी म्हटलं, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केली आहे ना, महिनाभर आराम करा, तिथे आता मुंगीसुद्धा शिरणार नाही. त्यांनी पुन्हा मागितलं, मी पुन्हा टाळलं, लहान मुलाला टाळतात तसं. आयशाबीही माझ्याच बाजूने बोलल्या, आधी डोळे जपा म्हणाल्या.

२९ मार्च

भगवानराव गेले. पेपर वाचता वाचता खुर्चीतच. मुलगा फोटो मागायला आला, मी पासवर्ड टाकला, प्रिंट काढली, फ्रेम केली. इतक्या लवकर कसं काय, म्हणून तो थक्क झाला. खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण ते हात जोडून उभे राहिलेले डोळ्यांपुढून जात नाहीत.

चाचांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, आत अजून कोण कोण आहे. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, तुम्हीसुद्धा तिथे काही करू शकणार नाही. आणि हसले. तेही हसतील असं वाटलं होतं.

७ एप्रिल, तांडा

राजकुमारचं लग्न झालं! पाय दुखतायत, घसा बसलाय, डोळे झोपेने मिटतायत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळे फोटो मीच काढले. याडी जुनी फेटिया-कांचळी, म्हणजे आमच्याकडचा घागरा-चोळी, आणि चांदीचे दागिने घालून अशी मिरवत होती की नवरी मागे पडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, फोटोवाली माहीच पोरगी हाय. शेवटी कॅमेरा स्टुलावर ठेवून टायमर लावला आणि मीही धावत जाऊन उभी राहिले. आमच्या घरासमोर सगळं घर एका फोटोत: राजकुमार, नवरी, मध्ये याडी, तिच्या बाजूला मी. याडीने माझा हात घट्ट धरलाय. हा फोटो मोठा करून लावणार.

१० एप्रिल, कळंब

लग्नाचे फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर टाकले. कुलपात टाकले, नेहमीप्रमाणे.

१३ एप्रिल

देवीलाल गेला. सकाळी मला चहा दिला, मॅडम इंजिनेर म्हणाला, आत वळला आणि भट्टीपाशीच बसला तो उठला नाही. चाळिशीचा माणूस, कधी ताप आलेला कुणाला आठवत नाही.

दुपारी त्याचा भाऊ फोटोसाठी आला. मी म्हटलं, देवीलाल म्हातारा नव्हता, त्याचा तयार नसणार, कापावा लागेल. तरी सवयीने ‘तयार’ उघडला. होता. काळा कोट, निळं आभाळ. मी बनवला नव्हता. चाचांकडे पासवर्ड नाही. तिसऱ्या कुणाला हा फोल्डर उघडताच येत नाही.

प्रिंट देऊन भावाला वाटेला लावलं आणि देवीलालच्या भाचीच्या लग्नाचा ग्रुप फोटो शोधला. त्यात देवीलाल नाही. त्याच्या जागी मागचा मांडव दिसतो. शेजारच्या माणसाने खांद्यावर हात ठेवलेला होता, तो हात तसाच, हवेत. मी घाबरले आहे. लिहून ठेवते, कारण बोलायला कुणी नाही.

१४ एप्रिल

चाचांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, सुरुवातीचे मी माझ्या हातानं केले. म्हातारेच होते, पण पटापट जायला लागले. मी बनवणं बंद केलं. तरी एक दिवस सकाळी फोल्डर उघडला तर आत नवीन माणूस, कोट घालून तयार, आणि ग्रुपात त्याची जागा खाली. भीतीपोटी चाचांनी तो चेहरा कापून परत ग्रुपात बसवला आणि फोल्डरातून पुसला. तो माणूस आजही जिवंत आहे, बाजारात भाजी विकतो. तेव्हापासून रोज सकाळी हेच काम. रात्रीतून जे येतील त्यांना परत ठेवायचं. जो खाटेवर पडून स्वतःच सुटका मागतो आहे, तेवढा राहू द्यायचा. मागे एकदा घाबरून महिनाभर दुकान बंद ठेवलं होतं, तेव्हा गावात तापाची साथ आली असं लोक समजतात. नागपूरला जाताना मी फोल्डर खाली करून गेलतो, म्हणाले.

आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलेच. ते म्हणाले, तुले सांगतलं असतं तर तू हासली असती. हसलेच असते.

१५ एप्रिल

दोघं सकाळपासून बसलो. फोल्डर उघडतो. सगळे दिसतात, आता बरेच झालेत, त्यात दोन तरुण बायका. चाचांनी एक चेहरा ग्रुपात बसवला. माऊसवर त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. इतकं सफाईने बसवलं की जोड दिसत नव्हता. सेव्ह करायला गेलो, तर परवानगी नाही, अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क करा. अॅडमिनिस्ट्रेटर मीच आहे!

कुलूप काढायला गेले. मीच घातलेलं, मीच लिहिलेला पासवर्ड. निघतं. फोल्डर बंद करून पुन्हा उघडला की परत लागलेलं असतं. पुसायला गेले तर म्हणतो, ही फाईल दुसरीकडे उघडलेली आहे, आधी तिथे बंद करा. कुठे उघडलेली? स्टुडिओत एकच कॉम्प्युटर. फोन बंद करून पाहिला, इंटरनेट काढलं. तरी तेच. कुणीतरी फाईल उघडून बघत बसलंय.

१७ एप्रिल

यवतमाळहून परवेजला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. व्हायरस आहे, सगळं पुसून दे म्हटलं. त्याने पुसलं. मशीन कोरं झालं आणि चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परवेजने सगळं पुन्हा सुरू केलं, आणि एकेक फोल्डर परत यायला लागला. प्रतींतून. हार्डडिस्क तर मी सकाळीच दगडाने फोडली होती, इंटरनेट आणि फोनही बंद ठेवले होते. तरी आला.

परवेज म्हणाला, ताई, सेटिंग भारी केली तुम्ही, आता काहीबी झालं तरी एक फाईल जाणार नाही. त्याला चहा पाजला. देवीलालचं हॉटेल बंद आहे, घरून आणला.

१८ एप्रिल

‘तयार’मधल्या त्या दोन तरुण बायकांपैकी एक गेली. तिचा नवरा फोटोसाठी आला होता. मी शटर ओढून घेतलं, तो बाहेर उभा राहून हाका मारत होता.

याडीला फोन केला. बरी आहे. राजकुमारच्या लग्नाचे फोटो त्या कॉम्प्युटरवर आहेत. रोज उठून आधी तोच ग्रुप फोटो बघते. सगळे आहेत. याडीने माझा हात धरलाय.

२० एप्रिल

याडी नाही.

राजकुमार आहे, नवरी आहे, मी आहे. मध्ये आमच्या घराची भिंत. माझी बोटं कशाभोवती तरी मिटलेली, आत काही नाही.

‘तयार’मध्ये आहे ती. जांभळ्या साडीत. आयुष्यात तिने कधी साडी नेसली नाही. डोळे सरळ माझ्याकडे.

फोल्डरात आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत माणूस जातो, असं चाचा म्हणतात. मी विचारलंच नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं आणि मग माझ्यासमोर रडले.

२१ एप्रिल

याडीचा फोटो पुसला — परत आला. बसवला — परवानगी नाही. चाचा दिवसभर बसवतायत, सेव्ह होत नाही, पुन्हा बसवतायत. काळा चष्मा फेकून दिलाय त्यांनी. डोळ्यांतून पाणी वाहतंय. आयशाबी दारात येऊन माझ्याकडे बघून गेल्या.

याडीला सांगू शकत नाही. फोनवर म्हणाली, तुह्या आवाजाले काय झालं? सर्दी म्हटलं.

२२ एप्रिल

कॉम्प्युटर फोडला. स्टुडिओतल्या लोखंडी स्टँडने. पडदा, डबा, सगळं.

मग खिशात फोन वाजला. ‘तयार’: सर्व फाईली सुरक्षित आहेत.

फोन फेकता येत नाही. याडीचा आवाज त्यातूनच —

२३ एप्रिल

एक सुचलंय. बदलू देत नाही, पुसू देत नाही, पण नवीन फाईल घेतो. मीच तशी सोय ठेवली. मग माझा फोटो, तीच साडी, तेच आभाळ, आणि फाईलला नाव याडीचं, बिजलीबाई. एका नावाच्या दोन फाईली एका ठिकाणी राहत नाहीत. जुनी जाईल, तिच्या जागी मी. चाचांना सांगितलं नाही, ते करू देणार नाहीत. फोटो मोबाईलवरच बनवला. स्वतःला कापताना दोनदा चुकलं, पण जमलं.

सकाळी याडीशी बोलले. आज आवाज बरा हाय तुहा, म्हणाली. खरंच बरं वाटतंय मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुपार —

फोनवरूनच ‘तयार’मध्ये टाकला. विचारलं त्याने, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का. हो. हो दाबलं.

परवानगी नाही.

आणि मग — मी काही दाबलं नाही, देवाशपथ नाही दाबलं — आपणहून —

दोन्ही ठेवल्या. ‘बिजलीबाई’. तिच्या खाली ‘बिजलीबाई प्रत’. शेजारी शेजारी.

ग्रुप फोटोत राजकुमार आणि नवरी. बाकी भिंत.

चाचांना सांगायला उठणार, तर शटरबाहेर ऑटो थांबला. याडी. न कळवता आली, या उन्हात, डोक्यावर गाठोडं. तुह्या आवाजाचं काही खरं वाटलं नाही मले, म्हणून आली, म्हणते. हसते आहे. बाकावर बसली. चाचा तिच्यासाठी पाणी आणायला —

खूप दमली म्हणते. मान भिंतीला टेकली. मला हाक मारली, इकडं ये म्हणाली. मी खुर्चीतून उठते आहे — उठता येत नाही, पाय — पुन्हा हाक नाही मारली तिने — चाचा पेला घेऊन उभे आहेत, घेत नाही ती — याडी, मी इथंच आहे, हात दे, माझा